बैलवाला दवाखाना

"डॉक्टर कवा येतीन?" बाकावर बसल्या बसल्या रुखमाबाईनं पुन्हा विचारलं, तेव्हा यमुताईंना खरं सांगणं भाग पडलं.

डॉक्टर महादेवरावांना जाऊन आता बराच काळ लोटला होता. महाल भागातल्या त्या गल्लीत सगळ्यांना ते ठाऊक होतं. पण बाहेरगावच्या माणसांना कोण सांगणार? दारावरची पाटी अजून तीच, 'डॉ. महादेवराव, होमिओपॅथिक दवाखाना'. तिच्याखाली लहान अक्षरांत 'वस्तुसंग्रहालय' असं नंतर रंगवून घेतलं होतं, पण तेवढं खाली कोणी वाचत नसे. रुखमाबाई भिवापूरहून छोट्या रुळांच्या रेल्वेगाडीनं गुडघ्याचं औषध न्यायला आली होती. पूर्वी इथल्याच साबुदाण्यासारख्या गोळ्यांनी तिला गुण आला होता.

डॉक्टर गेल्याचं ऐकून ती पदराचं टोक तोंडाशी धरून समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मंग हे दार काहून उघडं ठेवता, बाई?"

यमुताईंनी पंधरा-वीस वर्षं शाळेत शिकवलं होतं. मुलांच्या कुठल्याही प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर असे. डॉक्टरांनी गावोगाव हिंडून जमवलेल्या वस्तू इथं मांडून ठेवल्या आहेत, लोकांनी येऊन पाहाव्यात म्हणून दार उघडं ठेवतो, असं त्यांनी सांगितलं.

"कोण येते पाहाले?"

दाराशी स्टुलावर बसलेला नत्थू शिपाई उगाच बाहेर बघू लागला. यमुताई हसल्या आणि म्हणाल्या, "आज तुम्ही आलात. चला, दाखवते."

दवाखाना म्हणजे दोन मोठ्या खोल्या आणि मागची पडवी. डॉक्टरांचं बिऱ्हाड वरच्या मजल्यावर असे. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. आठवड्यातून दोन दिवस ते सायकलीला औषधाची पेटी बांधून, कधी गाडीनं, कन्हानपासून भिवापूरपर्यंतच्या गावांत जात आणि येताना काहीतरी घेऊन येत. कोणी पितळी समई दिली, कोणी धान्य मोजायची लाकडी पायली, कोणी बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ. त्यांना या गोष्टींचा नाद होता आणि लोक प्रेमानं देत. पुढं औषधाच्या कपाटांत बाटल्या कमी आणि वस्तू जास्त झाल्या. तेव्हा त्यांनी शेजारच्या यमुताईंना, शाळा सुटल्यावर घटकाभर येऊन या पसाऱ्याला वळण लावा, अशी गळ घातली. यमुताईंनी लग्न केलं नव्हतं. घरी म्हातारी आई. घटकाभर म्हणून आलेली बाई हळूहळू त्या वस्तूंचीच होऊन गेली. डॉक्टर गेले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे ट्रस्ट झाला, तेव्हा शाळेची नोकरी सोडून त्या इथंच आल्या. लोकांनी त्यांना वेड्यात काढलं.

रुखमाबाई एकेक कपाट बघत पुढं सरकली. नांगराचा फाळ, माप, मुसळ हे तिच्या रोजच्या ओळखीचं. ते बघायला छोट्या गाडीचा प्रवास करून यायची काय गरज, असा भाव तिच्या चेहऱ्यावर होता. शेवटच्या कपाटाशी मात्र ती थबकली. त्यात लाकडी नंदीबैल होते, तान्ह्या पोळ्याला लहान मुलं मिरवतात तसले. चाकं लावलेले, शिंगांना पितळेच्या टोप्या घातलेले, काही हाताएवढे, काही गुडघ्याएवढे. डॉक्टरांचा सगळ्यात जीव यांच्यावर होता. मधला मोठा बैल सागाचा. मान किंचित वळवून उभा, कोणीतरी हाक मारल्यासारखा.

"पोळ्याले बी आतच राह्यते का हे?" रुखमाबाईनं विचारलं.

"हो. मोडले तर?"

"आमचा बैल बारा महिने राबते, तं त्याले एक दिवस मान भेटते. तुमचा राबत बी नाही अन् त्याले मान बी नाही."

ती हे चिडून बोलली नव्हती. तिला त्या बैलांची दया आली होती. यमुताईंनी तिला गूळ-फुटाणे आणि पाणी दिलं, दुसऱ्या एका होमिओपॅथिक डॉक्टरचा पत्ता समजावून सांगितला आणि नत्थूला तिला स्टेशनच्या रिक्षात बसवून द्यायला पाठवलं. मग त्या कपाटासमोर येऊन कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. बाहेर श्रावण चालू होता. पोळा जवळ आला होता.

ट्रस्टचे अध्यक्ष मधुकरराव म्हणजे डॉक्टरांचे पुतणे. पेशानं वकील, सज्जन माणूस. पण काकांचं घर असं रिकामं उघडं राहावं आणि त्यात दिवसभर एक बाई आणि एक शिपाई बसून असावेत, हे त्यांच्या मनाला पटत नसे. या वस्तू एखाद्या मोठ्या संग्रहालयाला देऊन टाकाव्यात, तिथं त्या नीट राहतील आणि लोकही बघतील, असं त्यांनी उन्हाळ्यातच सुचवलं होतं. यमुताईंनी दसऱ्यापर्यंत मुदत मागून घेतली. मागून घेतली खरी, पण करायचं काय ते त्यांना उमजत नव्हतं. त्यांनी शाळांना पत्रं लिहिली होती. एक शाळा आली. मुलं हाताची घडी घालून, तोंडावर बोट ठेवून रांगेनं आत शिरली आणि तशीच रांगेनं बाहेर पडली. गुरुजींनी आभार मानले. यमुताईंना त्या रात्री जेवण गेलं नाही. मुलांना शिस्त लावण्यात त्यांचंही आयुष्य गेलं होतं, पण इतकी निमूट मुलं त्यांना कधी भेटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्या मधुकररावांकडे गेल्या. तान्ह्या पोळ्याला कपाटातले बैल बाहेर काढायचे आहेत. ज्यांच्या घरी बैल नाही अशा मुलांच्या हाती ते द्यायचे, गल्लीतून मिरवायचे आणि संध्याकाळी परत आणायचे, असं त्यांनी सांगितलं. मधुकररावांना आधी ती थट्टाच वाटली. संग्रहालयातली वस्तू मुलांना खेळायला देतात असं त्यांनी कुठं ऐकलं नव्हतं. ते पुष्कळ बोलले. यमुताई ऐकत राहिल्या.

शेवटी ते म्हणाले, "एकाही बैलाचं शिंग मोडलं, तर ट्रस्टींना मी काय तोंड दाखवू?"

"माझं दाखवा," यमुताई म्हणाल्या. "काही मोडलं तर कपाटांच्या किल्ल्या त्याच दिवशी तुमच्या हातात देते आणि घरी जाते."

यावर मधुकररावांनी मान हलवली. ती हो म्हणून की कपाळाला हात लावायच्या आधीची, ते यमुताईंनी विचारलं नाही.

मग त्या घरोघर निघाल्या. नत्थू कुरकुरत मागं. कोष्ट्यांच्या गल्लीत हातमाग एकेक करून बंद पडत होते. बायका आधी दारातच उभ्या राहून बोलल्या. ही बाई कुठल्या सरकारी खात्याची, असा त्यांना संशय. दवाखान्यातून आले म्हटल्यावर एकीनं आपल्या पोराची जीभही दाखवून घेतली. बैल मिरवायला देणार आहोत, हे कोणाला खरं वाटेना. पण मुलांना पटलं आणि मुलांनी आयांना पटवलं.

नाग नदीच्या पलीकडच्या वस्तीत मात्र त्यांची चूक झाली. जयवंता गजभिये नावाची बाई नळावर कपडे धूत होती. पस्तिशी-चाळिशीची, करारी. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाई, आम्ही छप्पन साली दीक्षा घेतली. तवापासून हे पूजेबिजेचं सोडलं. आमचे लेकरं बैल नाही मिरवत."

यमुताई ओशाळल्या. हे आपल्या लक्षात यायला हवं होतं, असं त्या मनापासून म्हणाल्या. जयवंतानं पीळ दिलेला कपडा बादलीत टाकला. "तुमचं काही चुकलं नाही. आम्हाले कोणी बोलवाले येत नाही, तुम्ही आल्या," एवढं बोलून ती पुन्हा कामाला लागली.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सकाळी मारबतीच्या पुतळ्यांच्या मिरवणुकीनं रस्ते भरून गेले. इडा-पिडा घेऊन जा गे मारबत, असा गलका दुपारपर्यंत गल्लीत ऐकू येत होता. एक सर येऊन गेली आणि ऊन पडलं. यमुताईंनी कपाट उघडलं. डॉक्टरसाहेबांच्या मागं या कपाटाला कोणी हात लावला नाही, मी नाही लावणार, असं दोन दिवस म्हणणाऱ्या नत्थूनं शेवटी स्वतःच्या धोतराच्या सोग्यानं बैलांची शिंगं पुसली आणि झेंडूच्या माळा त्यांच्या गळ्यात इतक्या हळू घातल्या, की जणू ते मान झटकतील. रंग लावायचा नाही, खिळा मारायचा नाही, दोरी ओढताना पळायचं नाही, एवढे तीन नियम. मुलांनी ते शपथेसारखे म्हटले.

आणि गल्ली बाहेर आली. आधी नुसती मुलं होती. मग बायका ओट्यांवर आल्या, बैलांच्या कपाळाला कुंकू लावू लागल्या, मुलांच्या हातावर बोजाऱ्याची नाणी ठेवू लागल्या. मग म्हातारे आले. एका म्हाताऱ्या कोष्ट्यानं सागाच्या बैलाच्या मानेवरून हात फिरवला आणि आपल्या बापाकडे असा एक बैल होता, तो कोणाच्या तरी लग्नात गेला, अशी गोष्ट सांगायला सुरुवात केली. ती ऐकायला मिरवणूक थांबली. यमुताईंना त्या कपाटात ठेवलेल्या कुठल्याच वस्तूविषयी इतकं बोलणं कधी ऐकायला मिळालं नव्हतं.

चौकाच्या वळणावर गर्दी झाली. मागून कोणी रेटा दिला आणि सागाचा मोठा बैल कलंडून नालीच्या दगडावर आदळला. पुढचा एक पाय तुटून बाजूला पडला. त्याची दोरी धरलेला मुलगा जागच्या जागी रडू लागला. 

यमुताईंनी पदर खोचला, नालीच्या कडेला बसल्या, बैल उचलला, तुटलेला पाय नत्थूकडे दिला. मुलाला म्हणाल्या, "तू नाही पाडलास. मी पाहिलं ना." मग बैल लेकरासारखा कडेवर घेऊन त्या उठल्या आणि मिरवणुकीच्या पुढं चालू लागल्या. मुलाच्या हातात दोरी तशीच होती. ती धरून तो त्यांच्या शेजारून चालला. उरलेली सगळी गल्ली यमुताईंनी तशीच पार केली. बायकांनी त्या बैलालाही कुंकू लावलं; थोडं यमुताईंच्या बाहीला लागलं.

संध्याकाळी बैल कपाटात गेले. सागाचा बैल तीन पायांवर उभा राहीना, म्हणून त्याला भिंतीला टेकवला. यमुताईंनी कपाटांना कुलपं लावली आणि किल्ल्यांचा जुडगा घेऊन त्या मधुकररावांच्या घरी गेल्या. काय झालं ते सांगितलं. आवाज कुठं हलला नाही. मधुकरराव रागावले असते तर बरं, असं त्यांना वाटलं; पण ते नुसतेच थकल्यासारखे दिसले. काकांचा तो बैल त्यांनीही लहानपणी पाहिला होता. उद्या सकाळी येतो, बाकीच्या ट्रस्टींना कळवावं लागेल, असं म्हणून त्यांनी किल्ल्या घेतल्या.

घरी आईनं विचारलं, कसा झाला पोळा? "छान झाला," यमुताई म्हणाल्या, आणि ते खरंच होतं.

सकाळी मधुकरराव आले तेव्हा त्यांना पायरीवर पाऊल ठेवायला जागा मिळेना. पायऱ्यांवर चपला होत्या. पुरुषांच्या, बायकांच्या, लहान मुलांच्या, काही जोड सुटून इकडेतिकडे गेलेल्या. नत्थू दाराशी उभा राहून घामाघूम झाला होता. काल ज्यांनी बैल मिरवले ती मुलं आईबापांना, आत्याला, मामाला ओढून आणत होती. माझा बैल दाखवतो, चल. काचेसमोर रेटारेटी होती. कोणाचा कुठला यावर दोन मुलांचं भांडण लागलं होतं. बैल पाहून झालेली मोठी माणसं बाकीच्या कपाटांकडे वळली होती आणि एकमेकांना सांगत होती, आमच्या आजीकडे अस्संच होतं.

वकिलाचा काळा कोट घातलेले मधुकरराव कसेबसे कपाटापर्यंत पोचले आणि तिथंच अडकले. मागून एका बाईनं त्यांच्या बाहीला हात लावला. ती त्यांना ओळखत नव्हती.

"दादा, जरा बाजूले व्हा," ती म्हणाली. "पोराले त्याचा बैल पाहू द्या."

मधुकरराव बाजूला झाले.

यमुताई कोपऱ्यात होत्या. त्या रीतसर निरोप घ्यायला आल्या होत्या आणि गर्दीत सापडल्या होत्या. त्यांच्याशी एक सुतार बोलत होता. काल ज्याच्या हातून बैल पडला त्या मुलाचा चुलता. पाय जोडून देतो म्हणत होता. खिळा नको, हे त्याला पोरानं बजावलं होतं. लाकडाच्या खुंटीनं जोडीन, दिसणार बी नाही. पण बाई म्हणत होत्या की कपाट उघडता येणार नाही. का उघडता येणार नाही, हे त्याला समजत नव्हतं आणि बाई सांगत नव्हत्या.

मधुकररावांनी कोटाच्या खिशातून जुडगा काढला. क्षणभर तो हातात तोलला आणि यमुताईंपुढं धरला.

"उघडा," ते म्हणाले. "आणि पुढच्या वर्षी त्या नालीवर फळी टाकून घेऊ."

त्या दिवसापासून गल्लीत त्या जागेचं नाव बैलवाला दवाखाना पडलं. यमुताईंनी पाटी बदलून घेतली, मोठ्या अक्षरांत 'वस्तुसंग्रहालय' लिहून घेतलं, पण रिक्षावाल्यांना बैलवाला दवाखानाच कळे.

दसऱ्याला काही आठवडे असताना एका दुपारी जयवंता आली. एकटीच. तिनं दोन्ही खोल्या आणि पडवी सावकाश पाहिली, एकही कपाट न सोडता. मग येऊन बाकावर बसली. यमुताईंनी पाणी दिलं, ते प्यायली.

"सगळं पाह्यलं बाई," ती म्हणाली. "पाटलाच्या घरचं आहे, मालगुजाराच्या घरचं आहे, कास्तकाराचा नांगर आहे. आमचं काय आहे?"

पडवीच्या भिंतीवर एक डफडं टांगलेलं होतं. यमुताईंची नजर तिकडं गेली, आणि ती गेलेली जयवंतानं पाहिली.

"तेवढंच एक दिसलं. पण गावापुढं ते वाजवाचं तं आम्ही सोडून देलं."

यमुताईंना त्या डफड्याखालची चिठ्ठी आठवली. ती त्यांनीच लिहिली होती, वाजवणाऱ्यांच्या जातीच्या नावासकट, सुंदर अक्षरात. त्या म्हणाल्या, "मग काय ठेवू? तुम्हीच सांगा. मला खरंच माहीत नाही."

जयवंतानं त्यांच्याकडे निरखून पाहिलं, मग ती उठली आणि गेली. यमुताईंना वाटलं, गेली ती गेलीच. पण दोन-तीन दिवसांनी ती पुन्हा आली, बगलेत फडक्याचं गाठोडं घेऊन. बाकावर बसून तिनं गाठ सोडली. आत पांढरं लुगडं होतं. धुऊन धुऊन मऊ झालेलं, घडीच्या जागी विरलेलं.

हे नेसून तिनं दीक्षा घेतली होती. त्या वर्षी दसऱ्याच्या आधी वस्तीत ज्याला त्याला पांढरं वस्त्र हवं होतं. जयवंताजवळ एकच बरं पांढरं लुगडं, पण त्याला हिरवा काठ. नवीन घेण्याची ऐपत नव्हती. आदल्या दिवशी उंबऱ्यात बसून तिनं तो काठ दोन्ही बाजूंनी कापून काढला आणि कडा हातानं शिवल्या. घाईतले मोठे मोठे टाके अजून तसेच होते. सासू म्हणाली, काठाविना लुगडं विधवेचं दिसते. हिनं सांगितलं, दिसू दे, उद्या सगळ्याच बाया अशा दिसतीन. आणि दुसऱ्या दिवशी मैदानावर नजर पोचेल तिथपर्यंत पांढरंच पांढरं होतं.

"मले वाटलं होतं आपण गर्दीत हरवून जाऊ," जयवंता म्हणाली. "पण तसं नाही झालं. पह्यल्यांदा वाटलं का आपण कोणीतरी आहो."

यमुताईंनी लुगड्याला हात लावला नाही. आधी उठून हात धुऊन आल्या.

जयवंताची एक अट होती. लुगडं द्यायचं नव्हतं, ठेवायचं होतं. दर दसऱ्याला ती ते घेऊन जाणार, नेसून दीक्षाभूमीवर जाणार आणि धुऊन परत आणून देणार. यमुताईंनी ताबडतोब कबूल केलं. आता वस्तू बाहेर जाण्याची त्यांना भीती राहिली नव्हती.

मधुकररावांनी मात्र हरकत घेतली. लुगड्याला त्यांचा विरोध नव्हता. पण ही कालपरवाची गोष्ट. संग्रहालयात जुन्या वस्तू ठेवतात. शिवाय दोन ट्रस्टी कुरबुरतील, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगून टाकलं.

"डॉक्टरकाकांनी सागाचा बैल आणला तेव्हा तोही कालपरवाचाच होता," यमुताई म्हणाल्या. "त्यांनी थांबायचं ठरवलं असतं, तर तो कोणाच्या तरी चुलीत गेला असता."

मधुकररावांनी विचारलं, "कुठल्या कपाटात ठेवता?"

"दारासमोरच्या."

तिथं आधी मालगुजाराचा चांदीचा हुक्का होता. तो पडवीत गेला. डफड्याखालची चिठ्ठी यमुताईंनी काढून टाकली आणि जयवंताला विचारून नवी लिहिली. लुगड्याखालची चिठ्ठी जयवंतानं सांगितली तशी, तिच्याच शब्दांत उतरवली: 'हे नेसून मी दीक्षा घेतली. काठ मीच काढला.' खाली तिचं नाव. ती काच लागली त्या आठवड्यात वस्तीतली माणसं आली. घोळक्यानं आली, आत येताना जराशी बिचकत आणि बाहेर जाताना मोठ्यानं बोलत.

आणि दसऱ्याला आणखीच नवल झालं. दीक्षाभूमीसाठी बाहेरगावाहून आलेली माणसं विचारत विचारत गल्लीत येऊ लागली. कोणीतरी कोणाला तरी सांगितलं होतं. पण लुगडं तर त्या दिवशी जयवंताच्या अंगावर. यमुताईंची पंचाईत झाली. तेवढ्यात जयवंता स्वतःच आली, सरळ आत जाऊन रिकाम्या काचेशेजारी उभी राहिली आणि दिवे लागेपर्यंत आल्या-गेल्याला सांगत राहिली. खेड्यातल्या बाया तिच्या लुगड्याचे टाके बोटांनी चाचपून बघत. नत्थूनं तिच्यासाठी आपलं स्टूल आणून ठेवलं. ती बसली नाही.

पुढं हे दर वर्षीचं झालं. पोळ्याला बैल बाहेर जात, दसऱ्याला लुगडं. कन्हानच्या एका खाणकामगारानं आपल्या बापाचा खाणीतला दिवा आणून दिला आणि दिवाळीला घरी नेऊन लावण्याची मुभा मागून घेतली. रुखमाबाई गुडघे धरत धरत एकदा आली, मिरच्या कुटायचं आपलं मुसळ ठेवून गेली. हे मात्र परत नको म्हणाली, आता घरी गिरणीचं तिखट खातात. पाहुण्यांच्या बाकावर मधुकरराव संध्याकाळी वर्तमानपत्र घेऊन बसू लागले. वकिली कमी झाली होती. इथं बसलं की कोणीतरी बोलायला भेटतं, असं ते म्हणत. यमुताईंची आई गेली, त्यांचे केस पिकले. शहर दूर मनीषनगरापर्यंत पसरत चाललं, कोष्ट्यांची कितीतरी घरं गल्ली सोडून गेली. पण तान्ह्या पोळ्याला ती मुलं, आता बाप झालेली, आपापली पोरं घेऊन येत आणि माझा बैल म्हणून दाखवत.

जयवंता गेली ती भर उन्हाळ्यात. दोन दसरे तिला धाप लागत होती, तरी ती आली होती आणि अखेरच्या खेपेला स्टुलावर बसली होती. सकाळी नुकतं दार उघडलं होतं तेव्हा तिची सून सिंधू आली. डोळे सुजलेले, पायात चपला नाहीत.

"आत्याबाई रातीच्याले गेल्या," ती म्हणाली. "त्यायनं सांगून ठेवलं होतं, का लुगडं मले पाह्यजे म्हणून." जरा थांबून ती म्हणाली, "आता ते परत नाही भेटणार, बाई. चालते का?"

मधुकरराव त्या दिवशी सकाळीच आले होते. ते हातातलं वर्तमानपत्र बाजूला ठेवून उभे राहिले. ट्रस्टचे अध्यक्ष म्हणून ते काही बोलतील, असं सिंधूला वाटलं असावं. तिनं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी फक्त मान खाली घातली.

यमुताईंनी हात धुतले, पदराला पुसले, कपाट उघडलं. लुगड्याची घडी मोडली, नव्यानं घातली. सिंधूनं हात पुढं केले, तेव्हा त्या म्हणाल्या, "मी आणते."

नदीवरचा पूल ओलांडून दोघी वस्तीत गेल्या. अंगणात माणसं बसली होती. आत बायकांनी जयवंताला न्हाऊ घातलं होतं. लुगडं इतकं विरलं होतं की ओढलं तर फाटेल, म्हणून दोघी-तिघींनी मिळून ते हलक्या हातानं गुंडाळलं. एक टोक यमुताईंनी धरलं होतं. कडेचे मोठे मोठे टाके त्यांच्या बोटांखालून सरकत गेले. मग अंगणातून त्रिशरणाचे शब्द ऐकू आले आणि माणसं जयवंताला घेऊन निघाली. वळणापर्यंत ते पांढरं दिसत होतं.

दुपारी यमुताई परत आल्या. उन्हाळी शिबिराच्या मुली यायच्या होत्या आणि त्या आल्याही होत्या. चपलांचा ढीग पायऱ्यांवर, आतमध्ये कलकल. यमुताईंनी माठातलं पाणी घेतलं आणि आपल्या खुर्चीत बसल्या. त्यांना बोलवेना, हे नत्थूनं ओळखलं. इतक्या वर्षांत त्यानं मुलांना वस्तू दाखवण्याचं काम कधी अंगावर घेतलं नव्हतं. आज तो उठला.

दारासमोरच्या काचेशी एक मुलगी थांबली होती. खालची चिठ्ठी तिनं मोठ्यानं वाचली, मग आत वाकून पाहिलं. आत काही नव्हतं. लुगडं कुठं आहे, असं तिनं विचारलं.

नत्थूनं एकदा यमुताईंकडे पाहिलं.

"ज्यायचं होतं," तो म्हणाला, "त्या नेसून गेल्या."